पापाचा मान

थोरल्या जावेच्या अंगाचा तिळपापड झाला तो धाकटीच्या पापामुळे. धाकटीने पाप केलं, त्याचं काही नाही. ते चारचौघांत सांगून तिने वाहवा मिळवली, त्याने थोरलीच्या पोटात दुखलं.

झालं होतं असं, की आसपासच्या तीन चर्चच्या मंडळींनी मिळून देवाची सृष्टी सांभाळायचं ठरवलं. पाळकसाहेबांनी नवीनच टूम काढली. दर रविवारी उपासना संपली, की ज्याने पृथ्वीचं नुकसान केलं असेल त्याने उभं राहून कबूल करायचं. जो सगळ्यांत मनापासून पस्तावेल, त्याच्या हातून नाल्याकाठी पहिलं झाड लावायचं, तेही तिन्ही चर्चच्या देखत.

पहिल्याच रविवारी धाकटी उभी राहिली. बाथटब काठोकाठ भरून मोबाइल बघत पडते, उरलेलं अन्न पिशवीसकट फेकते, खिडकी उघडी टाकून एसी लावते, असं एकेक सांगत ती इतकी रडली, की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नर्सबाईंनी तिला स्वतःचा रुमाल दिला.

थोरली बाकावर नुसती चडफडत होती. त्याच बाथटबचं पाणी वरून गळून हिच्या स्वयंपाकघराच्या छताला पोपडे आलेत, ते कुणी विचारलं? इकडे ही दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते, फाटक्या चादरींचे पडदे करते आणि फाटक्या पडद्यांची फडकी. तर लोक म्हणतात, काय चिकट बाई आहे! आणि जिने घाण केली तिच्या हातून झाड.

तेव्हा आपणही उभं राहायचं, हे तिने पक्कं केलं. पण पाप आणायचं कुठून? आयुष्य धुंडाळलं, एक धड पाप सापडेना. मग तिने नव्याने करायला घेतलं. नळ सोडून डोळे मिटून उभी राहिली. डोळे उघडले तर हातानेच खाली बादली लावलेली. फेकून द्यायचे म्हणून प्लास्टिकचे चमचे आणले, आणि घासून डब्यात ठेवले. भर दुपारी घरभर दिवे लावले, तर नवऱ्याला वाटलं हिला दिसेनासं झालं. तो डॉक्टरची वेळच घेऊन आला.

बघता बघता झाड लावायचा दिवस उजाडला. तिन्ही चर्चची माणसं खचाखच भरली होती. "अजून कुणी?" असं पाळकसाहेबांनी विचारताच थोरली ताडकन उठली. उठली खरी, पण सांगायचं काय? तिची नजर चर्चच्या भिंतीवर गेली. भिंतीला नुकताच फिकट पिवळा रंग दिला होता.

"मी," ती म्हणाली, "मागच्या नाल्यात रंगाचे डबे टाकले."

पाळकसाहेब पांढरेफटक पडले. मागच्या रांगेत ती भिंत रंगवलेल्या रंगाऱ्याची मान खाली गेली. आपलं पाप चांगलंच रंगलं, असं थोरलीला वाटलं.

मंडळी हातमोजे घालून लगेच नाल्याकडे निघाली. थोरली निर्धास्त होती. तिथे काही सापडणार नव्हतं, आणि वाहून गेले असतील, हे उत्तर तयार होतं. पण एक डबा निघाला. दुसरा निघाला. मग ढीगच लागला, सगळे फिकट पिवळे. लोकांनी डब्यांकडे पाहिलं, चर्चच्या भिंतीकडे पाहिलं, आणि मग आभाळाकडे पाहिलं.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "तुमच्या घराला तर लग्नापासून चुनाच आहे की."

"म्हणूनच टाकले. रंग आवडला नाही."

नर्सबाईंनी धाकटीकडून रुमाल परत मागून घेतला आणि थोरलीला दिला. धाकटीला ते सोसलं नाही.

"यातले अर्धे माझे आहेत."

"तुझे कुठले? तुला डब्याचं झाकण तरी उघडता येतं का?"

"उघडलेच नाहीत. तसेच टाकले."

"हे उघडलेले आहेत. बघ, म्हणजे माझेच."

धाकटीने एका डब्याची कडी धरली, थोरलीने दुसऱ्या बाजूने ओढली, आणि तळाशी राहिलेला रंग दोघींच्या पायांवर आला. तरी कुणी सोडायला तयार नाही. तेवढ्यात रंगारी गर्दी सारत पुढे आला.

"ते डबे माझे आहेत. मी टाकले. पाळकसाहेब म्हणाले, टाका कुठेतरी, तर मी टाकले. तेव्हापासून मला झोप नाही, आणि या दोघी माझं पाप माझ्यादेखत वाटून घ्यायला निघाल्यात."

आणि तो लहान मुलासारखा रडला.

पाळकसाहेबांनी मोठ्याने गाणं सुरू केलं, तेही मधल्याच कडव्यापासून. पण गाणं काही जन्मभर चालत नाही. ते संपलं तेव्हा सगळे त्यांच्याकडेच बघत होते. टाका म्हणालो होतो, असं ते पुटपुटले, आणि रोप उचलून त्यांनी रंगाऱ्याच्या हातात दिलं. नर्सबाईंचा रुमालही तिकडेच गेला.

दोघी जावा पिवळे पाय घेऊन घरी निघाल्या.

"रडला पण कोरडाच," धाकटी म्हणाली.

"नाहीतर काय. आणि रोप लावलं तेही वाकडं."

"त्याचं पाप खरं होतं एवढंच, जाऊबाई."

"त्यात काय मोठंसं," थोरली म्हणाली. "खरं पाप काय, कुणीही सांगेल."