बांधावरचा खांब

स्वयंपाकघरातल्या चुलीवर किटलीचं झाकण खडखडलं.

मित्रांनो, मी त्याच चुलीच्या वर, भिंतीत आडवा बसवलेला एक जुना ओकच्या लाकडाचा खांब आहे. पण माझं उमेदीचं आयुष्य गेलं ते उभ्यानं, इंग्लंडच्या राजाच्या हरणवनाभोवती, बांधावरच्या कुंपणात.

माझ्या अंगावर तीन खाचा आहेत. गावातल्या प्रत्येक घरानं कुंपणाचा आपापला तुकडा नीट राखायचा आणि त्यावर आपली खूण कोरायची, अशी रीत होती. तीन खाचा या घराच्या. हरणं राजाची, घाम यांचा. शिकारीच्या दिवशी कुणी सरदार मला थोपटून म्हणे, "खांब पक्का आहे हं!" तेवढंच माझं कौतुक. पुढे राजे यायचे थांबले, हरणं सरली, माझे सोबती सरपणात गेले, मी या घरात आलो. शेतात उरला तो मातीचा लांब बांध आणि त्याच्या आतल्या अंगाला खोल चर.

उद्या बांध पाडून तो चरही बुजवला जाणार होता.

"कुठल्या दीडशहाण्यानं चर आतल्या बाजूला खणला?" चहा ओतत अँब्रोझ म्हणाला. "पाणी तुंबतं, मेंढ्यांचे खूर सडतात. उद्या यंत्र येतंय."

"ते दीडशहाणे माझेच पूर्वज," त्याची बायको हेस्टर म्हणाली. ती याच घरात जन्मली होती. "बाहेरचं हरीण बांधावर चढतं, ठेंगण्या कुंपणावरून आत उडी मारतं. परत जायचं तर मध्ये हा चर. आत येता येतं, बाहेर जाता येत नाही."

"म्हणजे दुसऱ्यांच्या रानातल्या हरणांची चोरीच की! तुझ्या घराण्याची ही कर्तबगारी लग्नाआधी सांगायची होतीस."

हेस्टर हसली नाही. तिनं माझ्या खाचांवर हात ठेवला.

"सगळं गेलं रे. एवढा बांध तरी राहू दे. आपल्या टिलीला मी दाखवू काय?"

अँब्रोझनं कप संपवला. "बरं बाई. मेंढ्या वरच्या रानात नेतो. यंत्रवाल्याला नको म्हणून कळवतो."

मित्रांनो, जुनं काही बुजवण्याआधी एवढंच विचारा, की हे कुणी खणलं आणि कशासाठी. मातीला बोलता येत नाही, आणि माझ्यासारखे खांब फार उरलेले नाहीत.

टेबलाशी बसलेल्या टिलीनं चमचा खाली ठेवला.

"आई, हरिणीनं आत उडी मारली आणि तिचं पिल्लू बाहेरच राहिलं, तर?"

हेस्टरनं माझ्यावरचा हात काढला आणि टिलीला जवळ ओढलं. त्या काळी मी त्या बांधावरच उभा होतो, मित्रांनो. बाहेर राहिलेल्या पिल्लांचं काय होई, ते मला ठाऊक होतं.