भिंगरीच्या पाठीमागे मी पडले तेव्हा

मी एक खुर्ची बोलतेय. उंचीने तुमच्या गुडघ्याएवढी. बालवाडीतल्या खुर्चीला याहून मोठं होऊन चालत नाही. सुताराने मला घडवलं, कडा घासून घासून गुळगुळीत केल्या आणि शेवटी स्वतःचा गाल माझ्या पाठीवरून फिरवून पाहिला. त्यानंतर माझ्या नशिबी आले ते चिकट हात, सांडलेलं दूध आणि माझी आगगाडी करून ढकलणारी पोरं. तक्रार नाही. रिकामं राहण्यापेक्षा ते बरं.

एका वर्षी नवी ताई आली. कचेरीतली नोकरी महिन्याभराने सुरू व्हायची होती, तोवर हात रिकामे नकोत म्हणून. पहिल्याच दिवशी ती माझ्यावर बसली आणि तिचे गुडघे हनुवटीला टेकले. पोरं घरी गेल्यावर तिने मोठ्या बाईंना सांगून टाकलं, की नाकं पुसणं आणि हरवलेल्या चपला शोधणं हे काही आपलं काम नव्हे. मोठ्या बाई नुसत्या हसल्या. अशा कितीतरी ताया त्यांनी येता-जाता पाहिल्या होत्या.

त्यात भिंगरी. एका जागी ठरत नसे म्हणून तिचं हे नाव. ती चावायची. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला, की गर्रकन वळून दात रोवायची. एका मुलाच्या दंडावर वळ उठले तेव्हा त्याची आई तरातरा आली. ही मुलगी इथे राहणार असेल तर आम्ही आमची मुलं काढतो, असं बजावून गेली. इतर पालकांनीही तिची री ओढली. मोठ्या बाईंचा नाइलाज झाला. शनिवारपर्यंत बघू, मग तिच्या वडिलांना सांगावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

ताईला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण तेव्हापासून ती भिंगरीच्याच आसपास घुटमळू लागली. रागावायची नाही, नुसती बघत राहायची.

आणि शुक्रवारी मी पडले. आगगाडीचा डबा होऊन धावताना कोलमडले ती थेट भिंगरीच्या पाठीमागे. फरशीवर असा आवाज झाला, की एका पोराने भोकाड पसरलं आणि मोठ्या बाई आतून धावत आल्या. माझा एक पाय निखळला. भिंगरी मात्र ठोकळ्यावर ठोकळा रचत होती. तिने मानसुद्धा वळवली नाही.

मला उचलायचं सोडून ताई तिच्या मागे गेली आणि टाळी वाजवली. मग आणखी जोरात. काही नाही.

न्यायला आलेल्या वडिलांना तिने थांबवून घेतलं. घरी हाक मारली की भिंगरी ऐकते का, असं विचारलं.

"कुठलं! भारी हट्टी आहे. ओरडून घसा बसतो माझा."

"हट्टी नाही हो ती. तिला ऐकूच येत नसावं. मागून कोण आलं ते कळत नाही, म्हणून घाबरते आणि चावते."

 वडिलांनी मुलीला उचलून घट्ट धरलं.

ताई त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडेही गेली. कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलं होतं. छोट्या शस्त्रक्रियेने बरं होण्यासारखं. तोवर ताई भिंगरीशी समोर बसूनच बोलायची आणि पोरांनाही तिने तेच शिकवलं. तेवढ्यानेच चावणं थांबलं. ती तरातरा आलेली आईसुद्धा गप्प झाली.

शस्त्रक्रियेनंतर भिंगरी परतली तेव्हा ताई फळ्याकडे तोंड करून उभी होती. तिने न वळताच हळू हाक मारली. "ओ," मागून आवाज आला. ताई खाली बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

कचेरीत ती गेलीच नाही. "मला इथेच राहायचंय," ती मोठ्या बाईंना म्हणाली, "पण हे काम नीट शिकून." आता दुपारी ती लहान मुलांना कसं शिकवावं, ते शिकायच्या वर्गाला जाते.

माझा पाय खिळे ठोकून बसवलाय, थोडी डुगडुगते. अडगळीत टाकू नका, एवढंच मागणं. आज माझ्यावर एक नवं पोर बसलंय, आईसाठी हमसून हमसून रडतंय. ताई त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली आहे. तिला कसलीच घाई नाही.