चार वाजताचं सूप

“हे ते नाही,” असं म्हणून बायकोने चमचा परत वाटीत ठेवला आणि वाटी हळूच बाजूला सारली. सारताना ती चुकल्यासारखी हसलीही. सूप करायची नवऱ्याची ही तिसरी खेप होती आणि बटाटे सोलताना त्याने अंगठा कापून घेतला होता.

तिच्या पोटाच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. जखम भरली, पण अन्नावरची वासना काही परत आली नाही. काहीही पुढे ठेवलं तरी दोन घासांत तिचं पोट भरायचं. आठवडाभरात वजन वाढलं नाही, तर पुन्हा दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवशी बसमधून घरी येताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली होती, “तुमच्या हॉटेलातलं बटाट्याचं सूप मिळालं तर पिईन मी.”

हॉटेल बंद पडून सहा वर्षं झाली होती. तिथे आता चष्म्याचं दुकान होतं. एकतीस वर्षं त्याने त्या हॉटेलात वेटरचं काम केलं. उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणायचे. हजारो ताटं त्याने आतून बाहेर नेली, पण भांड्यात काय पडतं ते कधी वाकून बघितलं नाही. बायको तिथे एकदाच जेवायला आली होती, लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा. दुपारची निवांत वेळ होती, कोपऱ्यातलं टेबल होतं आणि गणवेशातल्या नवऱ्याने तिला वाढलं होतं. “जन्मात पहिल्यांदा मी बसले आणि दुसऱ्याने वाढलं,” असं ती पुढे कितीतरी वर्षं शेजारणींना सांगत असे.

“तुमच्या त्या आचाऱ्यांना विचारा ना,” ती आताही म्हणाली. “इथेच असतात ना ते?”

“असतील.”

“मग?”

“बघतो.”

तीन दिवस तो नुसतं ‘बघतो’ म्हणत होता. का, ते तिला ठाऊक नव्हतं.

हॉटेल बंद पडायच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं सूप आतून वाफाळत आलं होतं. लांब्या ओळखीच्या माणसाशी बोलत उभा राहिला आणि ते कट्ट्यावर गार झालं. गिऱ्हाईक भडकलं, मालक धावत आला. लांब्याच्या तोंडून निघून गेलं, “आतूनच असं आलं, साहेब.” मालकाने सगळ्यांसमोर आचाऱ्याला नाही नाही ते सुनावलं. आचाऱ्याने लांब्याकडे एकदा बघितलं, एप्रन काढून खुंटीला लावला आणि तो निघून गेला. बावीस वर्षांची नोकरी त्याने तशी सोडली. लांब्याची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. आपली नोकरी जाऊ नये म्हणून तो गप्प राहिला, आणि मग गप्पच राहिला.

दुपारी बायको झोपल्यावर त्याने चप्पल घातली.

आचारी मुलाकडे राहत होता. सुनेने दार उघडलं, आत बसवलं आणि ती कामाला निघून गेली. आचारी खिडकीशी खुर्चीत बसला होता. अंग पार वाळलं होतं आणि हात मांडीवर थरथरत होते.

“कोण, लांब्या का?” तो म्हणाला. “वाकून आलास दारातून, तेव्हाच ओळखलं.”

“दादा, बायको आजारी आहे. जेवत नाही. तुमचं बटाट्याचं सूप मागतेय.”

“हं.” आचाऱ्याने त्याच्या कापलेल्या अंगठ्याकडे बघितलं. “तू करतोयस?”

“तीनदा केलं. नाही म्हणते.”

“कसं केलंस?”

लांब्याने सांगितलं. मैदा लावून, मेन्यूवरच्यासारखं घट्ट.

“तिथेच चुकलास. तिला मी मेन्यूवरचं दिलंच नव्हतं. मेन्यूवरचं त्या दिवशी सकाळचं उरलेलं होतं. लांब्याची बायको पहिल्यांदा आलीय म्हणून आपलं दिलं. चार वाजता आपण सगळे प्यायचो ना, ते.”

“ते? ते तर मी रोज प्यायचो.”

“उभ्या उभ्या प्यायचास आणि पळायचास. तुला काय कळणार त्यातलं.”

मग त्याने सांगितलं. कांदा लोण्यात अगदी मंद आचेवर, रंग चढू द्यायचा नाही. बटाटा त्यातच मऊ करायचा. मैदा नाही, शिळ्या पावाचा कडेचा तुकडा टाकायचा, तो विरघळून जातो. दूध शेवटी, आणि त्यानंतर उकळी नको. मिरपूड वाटीत घातल्यावर. सांगताना त्याचे थरथरते हात हवेत ढवळत होते.

लांब्या उठला. दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

“दादा, त्या दिवशी सूप मी गार केलं होतं.”

“मला माहीत नव्हतं होय?”

“माफ करा म्हणायला तोंड नाही.”

“मग म्हणू नकोस,” आचारी म्हणाला. आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. “बारा वर्षं झाली. मला आता चमचासुद्धा सून धरून देते. जा, तिला खायला घाल. आच मंद ठेव.”

संध्याकाळी लांब्या पाऊण तास शेगडीपाशी उभा होता. एरवी हयातभर उभं राहूनही न दुखलेले पाय आज भरून आले. वाटी घेऊन तो आत गेला आणि पलंगाच्या कडेला टेकला.

बायकोने एक चमचा घेतला, मग दुसरा. अर्धी वाटी संपल्यावर तिने विचारलं, “भेटले?”

“भेटले.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. गार झालेलं सूप, खुंटीला लावलेला एप्रन, आपलं गप्प राहणं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता.

ती ऐकत होती आणि सावकाश खात होती. चमचा एकदाच थांबला, मग पुन्हा वाटीला लागल्याचा आवाज आला.

“इतकी वर्षं सांगितलं नाहीत मला,” ती म्हणाली.

“नाही.”

ती रागावली की काय, ते त्याला कळेना. तिने वाटीचा तळ पुसून काढला आणि वाटी त्याच्यापुढे धरली.

“अजून आहे?”

तो स्वयंपाकघरात गेला. पातेल्याच्या तळाशी थोडंसंच उरलं होतं. त्याने दिवा लावला, पातेलं दोन्ही हातांनी तिरकं धरलं आणि सगळं वाटीत उतरेपर्यंत तसाच उभा राहिला.