पंधरावं नाव

सत्काराच्या सभेला भास्कर सर वेळेवर आले, तेव्हाच मला शंका आली. एरवी शारीरिक शिक्षणाचा हा माणूस प्रत्येक सभेला उशिरा येतो आणि दारातच घाम पुसतो, म्हणजे मैदानावरून आल्यासारखं दिसतं. त्या दिवशी घाम नव्हता. हातात यादी होती.

सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. कॉलेजला पंधरा वर्षं झाली म्हणून प्राचार्यांनी जुन्या खेळाडूंचा आणि मार्गदर्शकांचा सत्कार काढला होता. सिल्वासातल्या आमच्या एवढ्याशा कॉलेजात असे खेळाडू किती असणार? मी हेडक्लार्क, कपाटाची किल्ली माझ्याकडे. कपाटात ढाली चार, त्यांतल्या दोन आमच्या आम्हीच स्वतःला दिलेल्या. पदक एक. तरी सत्काराला चौदा नावं जमली. कबड्डीत राखीव बसून परत आलेले खेळाडू झाले, आणि एकदा शिट्टी वाजवलेले वाणिज्य विभागाचे सर मार्गदर्शक झाले. चौदा शाली, चौदा नारळ, चौदा सन्मानपत्रं.

भास्कर सरांच्या यादीत पंधरावं नाव होतं. मंजुळा झिपरू, धावपटू.

आमचे प्राचार्य मुंबईचे. मनानं वाईट नाहीत, फक्त जेवायला बसले तरी ताटाचा कागद मागतील. "कुठल्या सालची विद्यार्थिनी?" त्यांनी विचारलं.

"विद्यार्थिनी नव्हे सर. पण आपल्याच मैदानावर घडलेली. स्थानिक खेळाडू म्हणून घ्यावी असं..."

"कुठली स्पर्धा? कितवा क्रमांक?"

उत्तर खोलीत दोघांना ठाऊक होतं, भास्कर सरांना आणि मला. मी सभेचा वृत्तांत लिहीत होतो, त्यामुळे मान खाली घालायची माझी सोय होती. भास्कर सरांनी चहा उचलला आणि तो केव्हाच गार झालेला असूनही त्यावर फुंकर मारली.

"तशी नोंद नाही," ते म्हणाले.

"मग कसं करणार?" प्राचार्यांनी लाल पेननं ओळ मारली. सरळ मारली, पट्टी न घेता.

ते उत्तर असं होतं. सत्त्याऐंशी साली वलसाडला आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा होत्या. मुलींची एकही प्रवेशिका नसेल तर जिमखान्याचं निम्मं अनुदान कापणार, असं पत्र आलं होतं. आमच्याकडे मुली सत्तावीस, धावायला तयार एकही नाही. पैकी मनीषा परुळेकर या मुलीनं 'नाही' म्हटलं नाही, गप्प बसली. म्हणून भास्कर सरांनी तिचं नाव तीन हजार मीटरला टाकलं. आदल्या आठवड्यात तिला कावीळ झाली.

तेव्हा सर रोज पहाटे मैदानावर असत आणि रोज एक मुलगी समोरच्या रस्त्यानं डोकमर्डीहून सायली गावाकडे पळत जाताना बघत. धाग्याच्या कारखान्याचं गेट सातला बंद व्हायचं, नंतर आलेल्याला अर्धा दिवस खाडा. मुलगी खानदेशातली, शिंदखेड्याकडची, बाप झिपरू त्याच कारखान्यात हमाल. डबा काखेत मारून चार-पाच किलोमीटर पळायची आणि गेटवर हसत उभी राहायची. सरांनी बापाला गाठलं. ओळखपत्रावर नाव मनीषाचं, फोटो मंजुळेचा. शिक्का मी मारला. शिक्का मारायचा पगार मला मिळतो, फोटो बघायचा नाही.

सरांचा हिशोब एवढाच की पोरगी धावेल, मागे कुठेतरी राहील, प्रवेशिका लागेल. पण हे तिला सांगायचं राहिलं. ती गेट बंद होत असल्यासारखी पळाली, पहिली आली.

कॉलेजात पेढे वाटले. मंजुळेलाही दोन मिळाले. पुढं मात्र पदकानं आपला संसार थाटला. मनीषाला खेळाचे दहा गुण मिळाले. त्या गुणांवर सेकंड क्लास, सेकंड क्लासवर बी.एड., बी.एड.वर दमणला सरकारी शाळेत नोकरी, आणि नोकरीवर चेतन नावाचं चांगलं स्थळ. भास्कर सरांना त्या वर्षीचा उत्कृष्ट मार्गदर्शकाचा दाखला मिळाला, त्यावर वेतनवाढ. मंजुळा दुसऱ्या दिवशी कामावर गेली. वलसाडला गेल्याचा एक खाडा पडला होता, तोही तिनं एका रविवारी भरून दिला.

आता ती एकोणतीस वर्षांची होती. नवरा गावाकडं जाऊन येतो म्हणून गेला, तो गेलाच. कारखान्यानं नव्या मशीनी आणल्या आणि बायांना सांगितलं, मार्चपासून येऊ नका. नेमकी तेव्हाच आमच्याकडे मुलींच्या जिमखान्यात मदतनीस बाईची जागा निघाली. आठवी पास, वय तिशीच्या आत, आणि खेळात भाग घेतल्याचा काही तरी दाखला. अर्जाची शेवटची तारीख सत्कारानंतरचा सोमवार. म्हणून भास्कर सरांनी पंधरावं नाव घातलं होतं. सन्मानपत्रावर प्राचार्यांची सही असते. तेवढ्यावर काम भागलं असतं. त्यांनी तिला सांगूनही टाकलं होतं: शनिवारी ये, तुझं नाव आहे.

नाव कापल्याचं मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. इस्त्रीची साडी, डोक्याला तेल, हातात रुमालात गुंडाळलेला आठवीचा दाखला. मी टेबलावर शाली मोजत होतो.

"भाऊसाहेब, एक विचारू का? नाव पुकारलं का चपला काढून वर जायचं का घालून?"

मी चौदा मोजून झालेल्या शाली परत पहिलीपासून मोजायला घेतल्या. "घालून गेलं तरी चालतं," मी म्हणालो.

"मी काढूनच जाईन. फरशीवर आवाज करते ना ही चप्पल." आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर जाऊन बसली, उठायला सोपं जावं म्हणून.

मनीषा आली ती नवरा, सासू आणि जरीची साडी घेऊन. सासूबाई मंगलाबाई हॉलमध्ये शिरल्यापासून भेटेल त्याला सांगत होत्या, "आमची सूनबाई धावायची हो! आता बघा, जिना चढली तरी दम लागतो. म्हटलं, अगं, ते पदक गेलं कुठं?" मनीषा कानातल्याशी चाळा करत हसत होती. मंजुळेला तिनं ओळखलं नाही. ओळखण्यासारखी भेट त्यांची कधी झालीच नव्हती.

सूत्रसंचालन मराठीच्या शैलजा मॅडमकडं होतं. त्या कुणालाही साधं बोलवत नाहीत. "आणि आता," त्या म्हणाल्या, "वाऱ्यालाही मागे टाकणारी ती पावलं! एकोणीसशे सत्त्याऐंशी, वलसाड, तीन हजार मीटर, सुवर्णपदक..."

मंजुळा उठली. चपला काढून झाल्या होत्या. एक पाय रांगेच्या बाहेर पडलाही होता.

"...मनीषा परुळेकर!"

टाळ्या पडल्या. मंजुळा तशीच उभी राहिली, मग पदर नीट करायलाच उठल्यासारखं दाखवत तिनं तो दोनदा नीट केला आणि बसली. शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "पंखा लावायला सांगताय का?" ती "हो" म्हणाली. कुणी तरी पंखा लावला.

चौदावा सत्कार खुद्द भास्कर सरांचा, मेमध्ये निवृत्त होत होते म्हणून. शाल घेऊन ते माइकपाशी गेले. मला वाटलं, आता बोलणार. तिसऱ्या रांगेकडं त्यांनी असं बघितलं की मी खुर्चीची कड धरली. माझाही शिक्का होता त्यात.

"एक मुलगी..." सर म्हणाले. "माझ्या पंधरा वर्षांत एकच मुलगी अशी मिळाली, की जिला मी काही शिकवलंच नाही. ती आधीच पळत होती."

मंगलाबाईंनी जोरात टाळी वाजवली आणि सुनेच्या पाठीवर थाप मारली. मग सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. सर थांबले. पहिल्या रांगेत प्राचार्य मान डोलावत होते. निवृत्तीला तीन महिने होते.

"ती कुठंही असो," सर म्हणाले, "सुखी असो." ती अठरा फुटांवर होती.

नंतर मांडवात समोसे होते. मंजुळा माझ्याकडं आली. "भाऊसाहेब, चौदाच झाले. माझं राहिलं का?"

"राहिलं," मी म्हणालो. 'कापलं' हा शब्द तोंडात आला नाही.

तिच्यामागं मनीषा उभी होती. स्टेजकडं जाताना तिनं ती उठून परत बसलेली बाई पाहिली असावी. "तू... मंजुळा ना?"

"हो ताई. मी तुमाला ओळखते. गाडीत सरांनी तुमचं नाव पाठ करून घेतलं व्हतं. वडिलांचं, वर्गाचं, समदं. रोल नंबर अठरा."

मनीषाचा चेहरा उतरला. तिनं खांद्यावरची शाल काढली. "ही घे. तुझीच आहे."

"शाल काय करू ताई? उन्हाळा आला. मला कागद पायजे व्हता."

मनीषानं हातातल्या सन्मानपत्राकडं बघितलं. "यावर माझं नाव आहे गं."

"तेच ना."

एवढ्यात समोशाची ताटली घेऊन मंगलाबाई आल्या. "कोण गं ही?"

"आमच्या... कॉलेजच्या वेळची," मनीषा म्हणाली.

"अरे वा! तुम्हीपण धावायचा का?"

मनीषानं खाली पाहिलं. मंजुळेनं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "नाही बाई," ती म्हणाली. "मी कंपनीत."

सोमवारी ती ऑफिसात आली, अर्ज घेऊन. अर्ज सुवाच्य अक्षरात होता, मुलाकडून लिहून घेतलेला. 'खेळाचा दाखला' या ओळीपुढं जागा रिकामी. खिडकीतून भास्कर सर दिसत होते. वार्षिक स्पर्धांसाठी ते चुन्याच्या रेघा मारत होते आणि ऑफिसकडं पाठ करून मारत होते.

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"चिठ्ठी दिली. मी मेहनती आहे म्हनून. चालंल का?"

"नाही. मेहनतीचा रकाना नाही."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. "भाऊसाहेब, खरं सांगितलं तर?"

मी हे दोन दिवस मनात मांडून ठेवलं होतं. "खरं सांगितलं तर मनीषाची डिग्री जाईल, तिची नोकरी जाईल. सरांची पेन्शन अडकेल. मीही अडकेन."

"आन् माझं?"

"तुझं काहीच होणार नाही. तू विद्यार्थिनी नव्हतीस, म्हणजे तुझी ती शर्यतच रद्द. तुला त्यातून दाखला मिळायचा नाहीच."

तिनं टेबलावरचा अर्ज सरळ करून ठेवला. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला पाणी देता येतं.

"मंग असं करा," ती म्हणाली. "पहिला नंबर त्या ताईचा राहू द्या. पोटाला लागलाय त्यांच्या. मला शेवटचा द्या."

"शेवटचा?"

"शेवटचा नंबर कोन घेऊन बसलंय? तो काय कुनी फ्रेम करून लावलाय? लिहा, मंजुळा झिपरू पळाली आन् शेवटी आली. खेळात भाग घेतला का नाही? घेतला. एवढाच दाखला पायजे ना तुमाला?"

मी हसलो नाही. खरं तर एवढ्या वर्षांत या ऑफिसात कुणी इतकं कमी मागितलं नव्हतं. मला ते देता येणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही मी उठलो, जिमखान्याची फाइल काढली, आणि वलसाडहून आलेला निकालाचा तक्ता टेबलावर पसरला. टाचणीला गंज चढला होता. तीन हजार मीटर, मुली. मी बोट वरून खाली नेलं. एक, मनीषा परुळेकर, सिल्वासा. दोन. तीन. शेवटी अकरा.

"अकराव्या नंबरालाही नाव आहे," मी म्हणालो.

"कोन?"

"सोनी पटेल. नवसारीची."

मंजुळेनं वाकून त्या ओळीकडं पाहिलं. "ती खरंच पळाली व्हती का? सोताच?"

"पळाली असावी. अठरा मिनिटं लागली तिला."

"हो का? मी वळून बघितलंच नाही मागं," ती म्हणाली. मग तिनं अर्जाची घडी घातली. "राहू द्या मंग तिचं तिला."