हे नसलं तर अडतं का?

सहावीच्या बाईंनी उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना शिकवायची एक युक्ती काढली होती. युक्ती चांगली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं त्यात युक्तीचा काही दोष नव्हता.

मध्यवर्ती कल्पना लिहा म्हटलं की मुलं काय करतात? उताऱ्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवतात, नाहीतर सगळा उताराच पुन्हा लिहून काढतात. चाचणीत बत्तिसांपैकी सव्वीस जणांनी हेच केलं. मुख्याध्यापकांनी गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, “बघा जरा.” बाईंनी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर नियमच लिहिला. एकेका वाक्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे नसलं तर अडतं का? नाही ना अडत? मग मारा काट. जे वाक्य काही केल्या काढता येत नाही, त्याच्याखाली दुहेरी रेघ. झालं! आणि काट पेननेच मारायची. पेन्सिल हातात दिली की ही कार्टी शेजारच्याचं बघून तासभर खोडत बसतात, हे बाईंना वीस वर्षांच्या अनुभवाने पाठ होतं.

मुलं हा हा म्हणता तयार झाली. पुस्तकातले उतारे आठवड्यात संपले. मग सोमवारी सकाळी चहा पिता पिता बाईंनी समोर जे दिसलं तेच लिहून काढलं: ‘आमचं घर दोन खोल्यांचं आहे. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे चालतं. खिडकीत एक पिवळी मांजर येऊन बसते. आई दुपारभर शब्दकोडी सोडवते. मला आणि आईला एकमेकींशिवाय करमत नाही.’

आहे की नाही सोपा? शेवटचं वाक्य म्हणजेच उत्तर. शाळेत त्याच्या बत्तीस प्रती काढून बाईंनी प्रत्येकाच्या वहीत चिकटवायला लावल्या.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे ‘वकील’ म्हणायचे. ती उठून उभी राहिली. “बाई, घड्याळ नसलं तर काय बिघडतं? तसंही ते खोटीच वेळ सांगतं.”

वर्ग खो खो हसला आणि सगळ्यांची पेनं एकदम चालली. मांजरीवर मात्र वाद झाला. अर्धा वर्ग म्हणे राहू दे बिचारी, अर्धा म्हणे काढा. शेवटच्या बाकावर ‘चिमणी’ बसायची. तोंड अखंड चालू, म्हणून हे नाव. ती अजून पहिल्याच ओळीवर होती. तिने आजवर एकही स्वाध्याय पुरा केला नव्हता. तिच्या वहीत ‘अपूर्ण’ हा बाईंचा लाल शेरा पानापानावर होता. घंटा झाली, वह्या गोळा झाल्या. शेवटच्या वाक्याखालची रेघ उद्यावर राहिली.

संध्याकाळी बाई घरी आल्या, चप्पल काढली आणि सवयीने भिंतीकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं.

“आई, घड्याळ कुठे गेलं? दुरुस्तीला दिलंस का?”

“कसलं घड्याळ?” आई म्हणाली. “आपल्याकडे कधी होतं?”

भिंतीवर खिळा नव्हता, खिळ्याचं भोकही नव्हतं. रंगावर घड्याळाएवढा उजळ गोलसुद्धा नव्हता. थट्टा करायची आईला हौस होतीच, म्हणून बाई हसल्या. पण आईने पोळपाट काढता काढता त्याच भिंतीकडे पाहिलं आणि मान हलवली. “मी मेली सारखी तिकडे बघतेय. काय खोड लागलीय कोण जाणे.”

खिडकीतून मांजरीचं म्याँव आलं. बाईंनी पडदा सरकवला तर कठड्यावर काही नव्हतं. म्याँव पुन्हा आलं, अगदी हाताजवळून. बाईंनी घाबरत घाबरत हात पुढे केला, तो कठड्याच्या थंड दगडावरच टेकला.

आई चष्मा शोधू लागली. गाद्या उलथल्या, उशा झटकल्या.

“डोक्यावर आहे,” बाई म्हणाल्या. हे त्यांचं रोजचंच होतं.

“अगं बाई! तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?” हेही रोजचंच. मग आईने वर्तमानपत्र पुढ्यात ओढलं, शब्दकोड्याचं पान उघडलं, पेन उघडलं आणि बसून राहिली. किती तरी वेळ बसून राहिली.

“हे चौकोन कशासाठी असतात गं?” तिने विचारलं.

बाई ताडकन उठल्या. वह्यांचा गठ्ठा पिशवीत होता. त्यांनी तो तिथेच जमिनीवर ओतला आणि मोजायला बसल्या. घड्याळाच्या वाक्यावर एकतीस काटा. चिमणीच्या वहीत तेवढी नव्हती. मांजरीवर सतरा. आणि ‘आई दुपारभर शब्दकोडी सोडवते’ या वाक्यावर नऊ.

नऊच. पण नऊ होत्या.

बाईंनी खोडरबर घासून पाहिलं, ब्लेडने शाई खरवडून पाहिली. कागद फाटला, काट गेली नाही. पेननेच मारायची, असं कोणी सांगितलं होतं? त्यांनीच! त्यांना रडूच कोसळलं. एव्हाना आत गेलेल्या आईचा आवाज आला, “काय झालं गं?” आणि त्या “काही नाही” म्हणाल्या.

रडून झाल्यावर त्यांनी डोकं चालवलं. काट मारलेलं जातं, तर मग रेघ मारलेलं राहत असेल. बत्तीस दुहेरी रेघा आईच्या नावाखाली पडल्या, तर आई जागची हलणार नाही. त्यांनी कागद ओढला. नव्या उताऱ्यात सगळं आईचंच हवं होतं, इतकं की तिला काढायचं म्हटलं तर उताराच उरू नये. आई शब्दकोडी सोडवते. आईला कोडं अडलं की ती पेन चावते. आईला सगळ्या जिन्याची खबर असते. आईमुळे हे घर चालतं. लिहिता लिहिता हात थांबेना. मी आईला चष्मा शोधून देते. संध्याकाळी मी आल्यावर आई दोन कप चहा टाकते. आईबद्दल लिहायचं आणि स्वतः त्यात यायचं नाही, हे त्यांना जमलंच नाही.

मंगळवारी मुख्याध्यापक तास बघायला मागे खुर्ची टाकून बसले. बाईंनी आवाज नेहमीचाच लावला. मुलांनी उतारा चिकटवला, वाचला. बोटं वाक्यांवरून फिरू लागली.

वकिलाचा हात वर.

“बाई, हा उतारा आईबद्दल आहे ना? मग यातली ‘मी’ कशाला? शेवटची दोन वाक्यं काढली तरी काहीच अडत नाही.”

मुख्याध्यापकांनी मान डोलावली, मुलगी हुशार आहे अशा अर्थाने.

बाई फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. ‘मी’ पण महत्त्वाची आहे, असं त्या म्हणू शकत होत्या. पण तसं म्हटलं की वर्गात मांजरीसारखे दोन तट पडणार. काही जण आईखाली रेघ मारणार, काही ‘मी’खाली, आणि काही जण रागाच्या भरात आईवरच काट मारणार. काल नऊ होत्या. आज किती होतील? त्यांना चौकोनांकडे बघत बसलेली आई दिसली.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “काढा.”

पेनं सरसर चालली. बाईंचं बोट नकळत अंगठीच्या जागी गेलं. आईने दिलेली, कधीच न काढलेली अंगठी बोटात नव्हती.

घंटा झाल्यावर चिमणी वही छातीशी धरून टेबलापाशी आली. “बाई, माझी फक्त रेघ मारून झालीय. काटा मारायच्या राहिल्यात. घरी पुऱ्या करून आणते. देवाशप्पथ!”

एरवी बाईंनी तिला तिथेच बसवून घेतलं असतं. आज त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “घाई नाही हं बाळा.” चिमणी जन्मात पहिल्यांदाच गप्प झाली.

घरापाशी आल्यावर पर्समध्ये किल्ली सापडली नाही. बाईंनी बेल वाजवली. आत खुर्ची सरकली. दार उघडलं. आई ठणठणीत दिसत होती, गालांवर रंग, हातात पेन आणि बोटांना शाई. तिच्या मागे टेबलावर कोडं शेवटच्या चौकोनापर्यंत भरलेलं होतं. बाईंना इतका आनंद झाला की त्या हसल्याच.

“कोण हवंय?” आईने विचारलं. “थांबा हं, चष्मा सापडेना झालाय. नीट दिसत नाही मला.”

“डोक्यावर आहे.”

आईचा हात डोक्याकडे गेला. तिने चष्मा लावला आणि पाहुणीकडे बघत राहिली. “तुम्हाला कसं कळलं?”

आई दारातून बाजूला झाली. “या ना आत. चहा टाकलाय. एकटी राहते मी, आणि आज बघा, दोन कप टाकून बसले. कुणासाठी टाकले कोण जाणे.”

बाई आत गेल्या आणि परक्या माणसासारख्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. दुसरा कप त्यांच्या पुढ्यात आला. साखर बरोबर अर्धा चमचा होती. विचारावं न लागता घातलेली. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि वर्षभर जिच्या वहीवर लाल शेरे मारले, त्या पोरीसाठी मनातल्या मनात हात जोडले. आज तरी खेळायला जा गं बाई. गप्पा मार, टीव्ही बघ, जेवून झोपून जा. ती दोन वाक्यं आता तुझ्या एकटीच्याच वहीत उरलीत, वही उघडू नकोस.

“तुम्ही उद्याही याल का?” आईने विचारलं.