न मेलेला ड्रॅगन

पुस्तकं विकणाऱ्या बाईला माणसं पाठमोरीसुद्धा ओळखता येतात. स्वतःसाठी घेणारा शेल्फाला चिकटतो. दुसऱ्यासाठी घेणारा जरा मागेच राहतो, पुस्तक चावेल की काय असा. लिफ्टवाला तर पार दारातच उभा होता.

समोरच्या उंच इमारतीच्या लिफ्ट दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "ताई, चौदा वर्षांच्या मुलीला काय द्यावं? जादूबिदूचं आवडतं तिला."

"कुठली जादू? शाळेतली, जंगलातली की राजवाड्यातली?"

"असे प्रकार असतात?"

"लिफ्टचे नसतात?"

तो हसला आणि तिथंच माझा झाला. गिऱ्हाईक म्हणून म्हणते.

मुलगी आईकडे राहायची, याच्याकडे फक्त रविवारी दुपारी यायची. "शाळा कशी आहे? बरी. की संपलं बोलणं," तो म्हणाला. म्हणून पुस्तक हवं होतं, आणि द्यायच्या आधी स्वतः वाचायचं होतं, म्हणजे विषय निघेल. जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीजवळच्या स्टुलावर येऊन बसायचा. हाताचं ग्रीस घासून काढलेलं, तरी मध्ये रुमाल धरून, पुस्तक फटीएवढंच उघडून आत डोकावायचा. पुस्तकाचा कणा मोडता कामा नये. पोरीला कोरं मिळालं पाहिजे. मी फुकट वाचू देत होते म्हणून मला कुणी भोळी समजू नये. वाचून झालं की तो तेच विकत घ्यायचा.

आता दुसरी बाजू. पुस्तक कोरं असेल तर आठवड्यात बदलून मिळेल, अशी पाटी आहे दुकानात. सोमवारी शाळा सुटली की एक मुलगी दप्तर पोटाशी धरून यायची आणि मीच बांधून दिलेलं पुस्तक माझ्यासमोर ठेवायची.

"काकू, बदलून द्या ना. बाबांना वाटतं मी अजून लहानच आहे."

मग ज्यात आधी नकाशे असतात आणि नंतर राजघराणी एकमेकांचे गळे कापतात, असलं काहीतरी जाडजूड घेऊन जायची. जाताना परत केलेल्या पुस्तकाच्या मागचा मजकूर तेवढा वाचून घ्यायची. रविवारी सांगायला लागणार ना!

मी दोघांनाही काही बोलले नाही. एका पुस्तकावर दोन गिऱ्हाइकं टिकत होती.

एके दिवशी लिफ्टवाला स्टुलावर बसून म्हणाला, "ताई, या वेळी तिला अजिबात आवडणार नाही असं द्या."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"त्या ड्रॅगनच्या पुस्तकातला ड्रॅगन कसा मेला ते सांगितलं तिनं मला. कड्यावरून पडला म्हणे, आणि गावकऱ्यांनी त्याच्या खवल्यांची कौलं केली. ताई, तो मरतच नाही!"

"मरेल कसा? पुढचे भाग विकायचेत मला."

"तिनं वाचलेलंच नाही ते. पण काय रंगून सांगत होती! पकडलं असतं तर गप्प झाली असती. मी आपली मान हलवत बसलो."

पुढच्या सोमवारी मुलगी आली. पुस्तक ठेवलं, पण शेल्फाकडे वळली नाही.

"काकू, ठेवूनच घ्या हे. मी नाही जाणार आता रविवारची."

"का गं?"

"मी त्यांना वाट्टेल ते सांगते. खवल्यांची कौलं केली म्हटलं, कौलं! एकदा तरी म्हणावं ना, अगं, काहीही काय? नुसती मान हलवतात. उघडूनही बघत नाहीत पुस्तक. हे बघा, किती कोरं आहे. दुकानदारीण देईल ते उचलायचं, झालं."

"ती दुकानदारीण मीच."

"सॉरी."

एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा माझा नियम पाटीवर नाही, पण पाटीपेक्षा जुना आहे. मी तो मोडला. स्टूल दाखवलं, रुमाल सांगितला, फट सांगितली.

"मग बोलले का नाहीत?"

"तू बोलायची थांबशील म्हणून."

ती रडलीबिडली नाही. त्या वयात दुकानदारासमोर कोण रडतं? मी कपाटातून ड्रॅगन काढून दिला. ती स्टुलावर बसली आणि तिनं पुस्तक दोन्ही हातांनी सताड उघडलं. कणा कडकन वाजला.

"आता बदलून मिळणार नाही हं."

"माहितीये."

रविवारी दुकान बंद असतं. मी एकटीच जेवले आणि दुपारभर उगाच घड्याळाकडे बघत राहिले. मला खोटी गोष्ट सांगायलाही घरात कुणी नाही.

सोमवारी तो आला.

"काल काहीच बोलली नाही. वाचत बसली होती. मी समोर बसून होतो."

मी हातातलं बिलबुक खाली ठेवलं.

"शेवटी मान वर केली. म्हणाली, 'बाबा, खोटारडे.'"

"आणि?"

"आणि परत वाचायला लागली."

तो आज शेल्फाला चिकटून उभा होता. "पुढचा भाग द्या. दोन प्रती."

"एकच पुस्तक दोनदा कशाला?"

"घरं दोन आहेत ना, ताई."

मी दोन्ही बांधायला घेतल्या. "एक राहू द्या," म्हणत त्यानं एक ओढून घेतली, कण्याची पर्वा न करता उघडली आणि वाचत वाचतच रस्ता ओलांडून गेला. स्टुलावर बसलासुद्धा नाही.