कमानीखालचा शॉट

जुन्या टपाल कचेरीच्या दारावरची कमान दुरुस्त होत होती, आणि ती कशी दुरुस्त होते याची फिल्म बनत होती, बांधकाम शिकणाऱ्या मुलांना वर्गात दाखवायला. दुरुस्ती करणारा मिस्त्री आणि फिल्म बनवणारी बाई हे सख्खे भाऊबहीण. पण कामावर नातं आणायचं नाही, असं तिनेच पहिल्या दिवशी ठरवून टाकलं होतं. चारचौघांत ती त्याला ‘मिस्त्री, तुम्ही’ म्हणे, आणि तो तिला ‘बाईसाहेब’ म्हणून वचपा काढी.

त्या सकाळी दोघांचंही डोकं तापलेलं होतं. कमानीतले फुटके दगड काढून नवे बसवले होते. त्यांना खालून लाकडी साच्याचा आधार होता आणि साच्याच्या दोन्ही पायांखाली पाचरी ठोकल्या होत्या. आता त्या केसाकेसाने सैल करायच्या. साचा खाली उतरत जातो आणि कमान आपला भार आपण पेलायला लागते. एका पायाशी मिस्त्री, दुसऱ्या पायाशी साचा बनवणारे सुतारकाका. दोघांचे घाव एकाच वेळी पडायला हवेत.

पहिल्यांदा पाचर हलली तेव्हा मिस्त्रीचं डोकंच कॅमेऱ्याच्या मध्ये आलं. त्याने पाचर परत ठोकली, पुन्हा सैल केली. तेवढ्यात ऊन गेलं.

“अजून एकदा,” ती म्हणाली.

“चुना कोवळा आहे. पाचर आतबाहेर केली की वर दगड कुरकुरतात. त्यांना अभिनय येत नाही, बाईसाहेब.”

“पोरांना पाचरच दिसली नाही तर शिकतील काय?”

तो ठाम नाही म्हणू शकला असता. पण आपले हात पडद्यावर नीट दिसावेत असं त्यालाही वाटत होतं. दगडाच्या कामावर तो त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्याने पाचर पुन्हा आत ठोकली आणि सुतारकाकांना खूण केली. “हे शेवटचं.”

या खेपेला सगळं जुळून आलं. हात, हातोडी, पाचर, सगळं स्वच्छ दिसत होतं. पाचर पुरेशी सरकल्यावर तिने कॅमेरा हळूच वर नेला. दगड सरकला तर कळावा म्हणून मिस्त्रीने दोन दगडांच्या सांध्यावरून पेन्सिलीची एक आडवी रेघ मारून ठेवली होती. ती रेघ तिला हवी होती.

रेघ तुटली होती. तिचं उजवं टोक डाव्यापेक्षा खाली आलं होतं, आणि सांध्यातून चुन्याची बारीक धार गळत होती. ती बघत असतानाच टोक आणखी खाली उतरलं.

साच्याखाली उभ्या असलेल्या दोघांना ते दिसणं शक्य नव्हतं. ओरडावं तर सुतारकाका दचकून बाहेर उडी मारणार, त्यांची बाजू तशीच सैल राहणार आणि सगळा डोलारा दादाच्या अंगावर येणार. ती रोजच्याच सुरात म्हणाली, “मिस्त्री, पाचरी परत आत घ्या. दोघांनी, एकदम.”

“बास आता,” तो मान वर न करता म्हणाला. “मी काही तुमचा नट नाही.” आणि पुढच्या घावासाठी त्याने हातोडी उचलली.

“दादा.”

हातोडी हवेतच थांबली.

“दादा, तू पाचर आत ठोक. काका, तुम्हीपण. हळू. मी सांगते तोवर हलू नका.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती कॅमेऱ्यात बघत नव्हती, वर बघत होती. त्याने हातोडी पाचरीच्या दुसऱ्या टोकाशी नेली. “काका,” तो म्हणाला, “माझ्याबरोबर. एक.”

घाव पडले. धार गळतच होती. “दोन.” सांध्यातून सुपारीएवढा खडा सुटला आणि त्याच्या खांद्यावर आपटून खाली पडला. तो जागचा हलला नाही. “तीन.” लाकूड करकरलं, साचा किंचित वर उचलला गेला. धार बारीक होत होत थांबली.

“या आता,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिथे फुटला.

दोघे बाहेर आले. सुतारकाका पायरीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. दादाने शिडी लावली, सांध्यात बोट घालून पाहिलं आणि बोटावरचा ओला चुना तिच्यासमोर धरला.

“सगळं उतरवून नव्याने बसवावं लागणार.”

“माझ्यामुळे झालं.”

“पाचर माझ्या हातात होती.” त्याने बोट सदऱ्याला पुसलं. “ते यंत्र चालू होतं?”

“होतं. पुसून टाकते.”

“दाखव आधी.”

छोट्याशा पडद्यावर त्याने रेघ तुटताना पाहिली. पुन्हा लावायला सांगून पुन्हा पाहिली. लोक आपल्याला काय म्हणतील ही काळजी त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होती. गावभर त्याच्या कामाचं नाव होतं.

“हे राहू दे,” तो अखेर म्हणाला. “पण घाई कुठे झाली ते फिल्ममध्ये मी बोलणार.”

“आणि पुन्हा पुन्हा करायला कुणी लावलं?”

“ते तू बोल. तुझ्या तोंडाने.”

तिने मान डोलावली. त्याने खांदा चोळला, घमेलं तिच्याकडे सरकवलं आणि साच्याला जादा टेकू द्यायला सुतारकाकांना हाक मारली. तिने कॅमेरा बाजूला ठेवला आणि दगड उतरवायला हात लावला.